मोठीमायच्या दोन नोंदी

मार्गशीर्ष अमावास्या, वार गुरुवार. स्थळ: उदगीरच्या अलीकडे आमचं शेत, विहिरीजवळची कोप. हजर: मोठीमाय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, बापू, म्हणजे तिचे यजमान, अण्णा, माझे वडील, आई, शाहीन, नांदेडच्या वसतिगृहातली माझी खोलीतली मैत्रीण, गाव हिमायतनगर, आणि मी, उमा कोरे, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. गैरहजर: हंबर्डे सर, माझे मार्गदर्शक. ज्यांच्यामुळे त्या दिवशी शेतात एवढा वाद झाला ते सर बहुधा नांदेडला आपल्या घरी शांतपणे जेवत असावेत.

कुठलीही गोष्ट लिहायला बसले की आधी असं मांडून घ्यायची मला सवय आहे. आता लातूरच्या एका महाविद्यालयात मी मुलांना शोधनिबंध कसा लिहायचा ते शिकवते. समास किती सोडायचा, तळटीप कुठे द्यायची, संदर्भसूचीत आधी आडनाव, मग नाव, मग पुस्तक, प्रकाशन, आवृत्ती. मुलं जांभया देतात. त्यांना वाटतं, ही बाई स्वल्पविरामासाठी जन्माला आली. पण त्या अमावास्येचा दिवस आठवला की माझी सगळी मांडणी विस्कटते. कशानंतर काय झालं ते नीट लागत नाही; आधी दिसतं ते धुकं, आणि धुक्यातून वर आलेले करडईचे पिवळे ठिपके, आणि बैलगाडीत मांडीवर धरलेल्या बिंदग्यात, म्हणजे लहान घागरीत, डुचमळणाऱ्या आंबिलीचा आवाज. पोटात पाणी हलावं तसा तो आवाज होता. शाहीन माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती आणि गाडी थांबूच नये असं मला वाटत होतं.

आमच्याकडे या अमावास्येला येळवस म्हणतात. लातूर काय, उदगीर काय, सकाळी दहाच्या पुढे गावात माणूस दिसत नाही. दुकानं बंद, रस्ते मोकळे. चौकात कुत्री तेवढी उन्हाला आडवी पडलेली. सगळं गाव शेतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची, ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील शेताला शिंपडायची आणि मग दिवस मावळेपर्यंत जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे परगावच्या माणसाला दरवेळी सांगावं लागतं: तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभरा, मेथी, शेतात त्या वेळी जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात, वर बेसन लावून. ज्याच्या शेतात पाहुणा आला नाही त्याला वाईट वाटतं. ओळख नसली तरी वाटेवरच्या माणसाला हाताला धरून आणतात.

मी लघुप्रबंध लिहायला घेतला तेव्हा विषय डोक्यात दुसरा नव्हताच. येळवशीची गाणी, अन्न आणि रीत. नांदेडला बसून लिहिताना मला भूक लागायची. वसतिगृहाच्या खिडकीतून पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन यायचं, लांबून, गोदावरीवरून वाहत आल्यासारखं, आणि मी त्या सुरांत फुलस्केप कागदांवर मोठीमायची गाणी उतरवून काढायची. अर्धी गाणी कानडी होती. मोठीमाय भालकीची, म्हणजे सीमेपलीकडची. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा ती गाणी बरोबर घेऊन आली. लहानपणापासून ऐकल्यामुळे मला ती अर्थासकट पाठ होती. येळवशीवर छापील मजकूर फार थोडा मिळाला, तोही एकमेकांत उतरवून घेतलेला. मग प्रकरण तिसरं सगळं मोठीमायच्या जिवावर उभं राहिलं, आणि खाली तळटिपेत मी निर्धास्तपणे लिहीत गेले: मोठीमायनं सांगितलं. पुढच्या ओळीला: तत्रैव. त्याच्या पुढे: तत्रैव. म्हणजे, संदर्भ वर दिला तोच. हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. पानाच्या तळाशी एकाखाली एक तत्रैव बघितलं की मोठीमाय चुलीपुढे बसलीय आणि अजिबात हलत नाही असं वाटायचं.

हंबर्डे सरांनी कच्चा मसुदा परत दिला तेव्हा तिसऱ्या प्रकरणाचा तळ लाल झाला होता.

"कोरे, ही मोठीमाय कोण?"

"माझी मोठीमाय, सर."

"ते कळालं. माझी पण होती एक. तिला मी संदर्भसूचीत घातली नाही." सर हसले नाहीत, विनोद करताना ते कधीच हसत नसत. "मुलाखत घेतलीय ना? मग सूचीत आडनाव, नाव, वय, गाव, मुलाखत कुठं घेतली, कधी घेतली. उद्या कुणाला वाटलं हे तपासून बघावं, तर त्यानं कुणाचं दार वाजवायचं? मोठीमायचं? मराठवाड्यात घरटी एक मोठीमाय आहे."

"नाव विचारून येते, सर."

"तुला नाव माहीत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरात थोरल्या बाईचं नाव कुणी घेत नसे. बापू तिला "अगं" म्हणत, आई "अक्का" म्हणे, शेजारपाजार "भालकीवाली" म्हणून हाक मारी. मतदारयादीत काहीतरी असणार, पण ती यादी मी कशाला वाचली असती.

"येळवस होऊन आलीस की आठ दिवसांत पक्की प्रत दे," सर म्हणाले. "नोंद नसेल तर प्रकरण काढून टाकू. दोन प्रकरणांवर भागतं का ते बघू. माझ्या मते भागत नाही."

म्हणजे वर्ष गेलं. मी खोलीवर येऊन गादीवर पडले. शाहीन चहा करत होती. ती म्हणाली, "अगं तुझी मोठीमाय काय सरकार हाय का? नाव विचारायला अर्ज करावा लागतोय? मी येते संगं. मी विचारते. मला लाज न्हाई."

अशी ती आमच्या येळवशीला आली.

त्या दिवसाचं ऊन अजून माझ्या पाठीवर आहे. पूजा झाली, बापूंनी डोक्यावर घोंगडं घेतलं, ज्वारीच्या ताटांतून फिरत हिरव्या डहाळीनं आंबील शिंपडली आणि मागून आम्ही सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या. शेजारच्या शेतातून उलट आरोळी आली, तिच्यापलीकडच्या शेतातून तिसरी, आणि ती अशी लांब लांब जात पार टेकाडापाशी विरली. शाहीनला ते इतकं आवडलं की ती मध्येच विनाकारण ओरडायची आणि कुठूनतरी उत्तर यायचं. मग कोपीच्या सावलीत पत्रावळी मांडल्या. मोठीमायनं कोपीत बसून मंद आवाजात पांडवांपुढचं गाणं म्हटलं, कानडी, माझ्या चौतीस नंबरच्या पानावरचं. वरती कडब्याच्या पातींमधून उन्हाच्या बारीक काड्या तिच्या तोंडावर पडत होत्या, आणि गाताना ती आमच्याकडे बघत नव्हती. कुठे बघत होती कोण जाणे.

शाहीननं खिरीचा पहिला घास घेतला आणि सरळ विचारलं, "मोठीमाय, तुमचं नाव काय ओ?"

आईचा हात पोळी वाढता वाढता थांबला. बापू भज्जीत काहीतरी शोधायला लागले.

"माझं नाव?" मोठीमाय म्हणाली. "कशाला पायजे?"

मी सगळं सांगितलं. सरांचं लाल पेन, नोंद, प्रकरण, वर्ष. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "म्हणजे पुस्तकाच्या मागं नावं असत्यात. मोठमोठ्या लोकांची. आन् त्यात माझं?"

"हो. मुलाखत म्हणून."

"मतदानाच्या चिठ्ठीवर पार्वतीबाई हाय," अण्णा मध्येच म्हणाले. "पार्वतीबाई कोरे. लिव्ह आन् मोकळी हो. वैनी, खीर घ्या."

"मग तेच लिहिते," मी म्हटलं आणि हुश्श केलं.

"इल्ला," मोठीमाय म्हणाली. एकदम आतून काही पटलं नाही की ती कानडीत नकार द्यायची, आणि मग तिला हलवणं अवघड असे. "गाणी पार्वतीची न्हाईत. पार्वती हितं आली तवा तिला धड मराठी बी येत नव्हतं. दारात मापटं ओलांडलं, सासूनं कानात पार्वती म्हणलं, तिथून पार्वती सुरू. गाणी तिला कुठून येणार? ती नीलम्माची हायत."

"नीलम्मा कोण?" शाहीननं विचारलं.

"मीच की गं. नीलम्मा बिरादार. भालकी."

मला आठवतं ते असं, की ते नाव घेतल्यावर मोठीमाय लहान दिसायला लागली. कदाचित ते माझ्या मनाचंच असेल. कोपीच्या कडेला शेंगांच्या टरफलांवर मुंग्या चालल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघायचं धाडस होईना.

"चांगलं होतं नाव," बापू हळूच म्हणाले. "पत्रिकेत छापलं होतं. आमच्या अव्वानं बदललं."

"मग तवा का बोलला न्हाईत?"

"तवा मला कोण विचारत होतं? मला तर तू काळी का गोरी ते बी ठाव नव्हतं."

शाहीन एवढी हसली की तिला ठसका लागला. "मोठीमाय, तुमची नुसती दोन? आमच्या अम्मीला घरात चार नावं हायत, आन् अब्बा एकानंबी हाक मारत न्हाईत. नुसतं 'सुनो' म्हणतात. निम्मा मोहल्ला वळून बघतोय."

पण अण्णा हसले नाहीत. त्यांना माझ्या वर्षाची काळजी. "विद्यापीठात माहेरचं आडनाव कशाला? इतकी वर्सं कोऱ्यांची सून हाय. एका माणसाचं एक नाव. सर आधीच कडक. उमे, पोरी, उगं घोळ घालू नको."

"भावजी, भज्जी तुम्ही खायलात ती कुणाच्या हातची?" मोठीमायनं विचारलं.

"तुमच्या."

"त्यात चिंच हाय न्हाई का? तुमच्याकडं भज्जीत चिंच घालत न्हाईत. ती भालकीची. पयल्या वर्षी सासूनं नाक मुरडलं होतं. आता चिंच नसली तर तुम्ही नाक मुरडता. पर आंबील हितली. शिंपायची रीत हितली. ते मी हितं येऊन शिकले, ते पार्वतीचं. दोन्ही लिव्ह, उमा. जे जिचं हाय ते तिला दे. एकच लिवायचं असंल तर माझं नावच घालू नको. तुझ्या सरांना सांग, ही बाई सापडली न्हाई."

मग तिनं सगळ्यांना आणखी भज्जी वाढली, अण्णांना जरा जास्तच. मी वहीत लिहून घेतलं. कुठलं गाणं कुणाचं, कुठली रीत कुठली. ती एकेक गोष्ट उचलून दोन बाजूला ठेवत होती, धान्य निवडावं तशी. काही ठिकाणी अडायची. डोळे मिटायची. "हे भालकीला होतं का? थांब. विहीर होती तिथं. मी भावाच्या खांद्यावर होते. हां, हे भालकीचं." शेत हळूहळू तांबडं झालं, बापूंनी कडब्याचा हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवला आणि ते पिकाभोवती फिरवायला निघाले. मी लिहीतच होते.

नांदेडला आल्यावर कॉलेजच्या मागच्या गजाननभाऊंच्या टायपिंगच्या दुकानात चार दुपारी गेल्या. भाऊंच्या संगणकावर मराठी अक्षरं पडद्यावर एक दिसायची आणि छापताना दुसरी. डावा समास बांधणीसाठी दीड इंच, बाकी एक इंच, ओळींत दुप्पट अंतर. हे मी भाऊंना कागदावर लिहून दिलं होतं आणि तो कागद त्यांनी पडद्याला चिकटवला होता. संदर्भसूची अकारविल्हे लावली. कोरे, पार्वतीबाई वर आलं. बिरादार, नीलम्मा बरंच खाली गेलं. मधल्या जागेत मोठमोठे ग्रंथकार, खंड, सुधारित आवृत्त्या. दुकानातल्या पंख्याखाली बसून मी त्या पानाकडे बघायची आणि मला वाटायचं, त्या दोघी एका लांब रस्त्याच्या दोन टोकांना उभ्या आहेत आणि मधली सगळी मंडळी त्यांना ओळखत नाहीत.

"ताई, ही दोन वयं सेम टाकलीत," भाऊ म्हणाले. "चुकलं का?"

"नाही. तसंच ठेवा."

सरांकडे गेले तेव्हा त्यांनी प्रकरण तिसरं आधी काढलं. तळटिपा वाचत गेले. मग सूची उघडली, एक बोट वर ठेवलं, एक खाली.

"या बाई एकच आहेत?"

"हो सर."

"मुलाखतीचं स्थळ एक, दिवस एक, वय एक. मग नोंदी दोन कशा?"

मी तोंडपाठ करून गेले होते ते सांगितलं. लेखक टोपणनावानं लिहितात तेव्हा आपण दोन्ही नावं सूचीत दाखवतो. ही गाणी ज्या नावाची मुलगी शिकली ती इथं नाही, आणि इथली रीत त्या मुलीला येत नव्हती. एवढं बोलल्यावर पाठ केलेलं संपलं आणि मी म्हटलं, "सर, एकच नाव घालायचं असेल तर मोठीमाय म्हणते, प्रकरण काढून टाका."

"ती म्हणते?"

"हो."

"तुझं वर्ष जाईल हे तिला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, वर्ष पुढच्या साली परत येतं."

शिपाई चहा ठेवून गेला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवत होतं. मग सरांनी लाल पेन उघडलं. त्यांनी कोरे यांच्या नोंदीपुढे लिहिलं, 'पाहा: बिरादार, नीलम्मा.' बिरादार यांच्यापुढे लिहिलं, 'पाहा: कोरे, पार्वतीबाई.' आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "उलटसुलट निर्देश द्यायचा असतो, एवढं शिकवलं होतं. आणि नोंदीच्या शेवटी पूर्णविराम कोण देणार?"

आता मुलांना उलटसुलट निर्देश शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण देते. हे देत नाही. माझी स्वतःची पदवी कोरे नावावर आहे आणि पगार दुसऱ्या आडनावानं निघतो. ते जोडायला मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तिथल्या बाबूला मी म्हटलं, 'पाहा' लिहून भागणार नाही का? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प मुद्रांक आणायला गेले.

लघुप्रबंध मंजूर झाला. निळ्या कापडी बांधणीची एक प्रत घेऊन मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले. मोठीमाय ओसरीवर शेवया वळत होती. पाटावरून शेवयांच्या तारा खाली खाटेवर उतरत होत्या आणि बापू त्या पसरत होते. तिला वाचता येत नव्हतं. मी दोन्ही नोंदी मोठ्यानं वाचल्या. नीलम्मा म्हटल्यावर बापूंनी मान वर केली, पार्वतीबाई म्हटल्यावर नाही. मग ती म्हणाली, "आता आतलं वाच. तिच्या नावावर काय काय घातलंस ते."

मी वाचत गेले. चिंच. गाणी. ती मान डोलवत होती. मग आंबिलीचं पान आलं: ताक किती आंबवायचं, पीठ कधी घालायचं, लसूण ठेचून वरून का घालायचा, बिंदग्याच्या तोंडाला कुठलं फडकं बांधायचं. खाली तळटीप, कोरे, पार्वतीबाई. तत्रैव. तत्रैव.

तिचा शेवयांवरचा हात थांबला.

"ही पार्वतीची न्हाई गं."

"तूच म्हणालीस, हितं येऊन शिकले."

"शिकले म्हणजे सासूनं शिकवली. आन् सासू बी हितं येऊन शिकली न्हाई, माहेराहून आणलेली. कोऱ्यांकडं आंबील नुसती ताकाची असायची. ती मुखेडकडची. तिला मुखेडवालीच म्हणायचे."

"नाव काय होतं?"

"हितलं शांताबाई. माहेरचं..." ती बापूंकडे बघायला लागली. "ओ, अव्वाचं माहेरचं नाव काय?"

बापूंनी बराच विचार केला. शेवयांची एक तार त्यांच्या बोटांवरून लोंबत होती. "आईचं माहेरचं नाव कोण विचारतंय," ते म्हणाले. आणि मग, जरा वेळानं, "विचारायला पायजे होतं."

"नियम केलाय न्हवं आपण," मोठीमाय मला म्हणाली. "जे जिचं हाय ते तिला. मग तिचं बी बघ."

विद्यापीठाची प्रत नांदेडच्या ग्रंथालयात आहे. आंबिलीच्या पानाखाली अजून पार्वतीबाईच आहेत. मोठीमाय आता उदगीरला असते, गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. फोन केला की आधी जेवलीस का विचारते आणि मग, "गावलं का गं?" मी चौकशा केल्यात. मुखेड म्हणजे मुखेड गावच की त्याच्या आसपासचं एखादं खेडं, हेही नक्की नाही. आमच्याकडे जवळच्या मोठ्या गावाचं नाव लावून मोकळे होतात. आडनावाबद्दल दोन जणांनी दोन वेगळी सांगितली. मी शुद्धिपत्र टाईप करून ठेवलं आहे, लघुप्रबंधाच्या शेवटी चिकटवता येईल असं, समास सोडून, पृष्ठ क्रमांक टाकून. 'पृष्ठ एकेचाळीस, तळटीप, येथे पुढीलप्रमाणे वाचावे:' आणि पुढे जागा, स्वल्पविराम, आणि परत जागा. या दिवाळीच्या सुट्टीत मुखेडला जाऊन विचारायचं आहे.